ठपका फुंकणीवर

३ फेब्रुवारी

प्रिय फुग्या,

आशीर्वाद देते, पण हात आखडता घेऊन. रागावले आहे तुझ्यावर.

तुझी बायको काल दुपारी सुखरूप पोचली. तू तिचं नाव गोटी ठेवलंस तेव्हा ती खरंच गोटीएवढी होती. आता सातवा लागलाय, गाडीतून उतरवायला तुझे भावोजी आणि मी, दोघांचे हात लागले. तिला आई नाही म्हणून बाळंतपण नणंदेकडे, हे आपलं ठरलेलंच होतं आणि मला त्याचा आनंदच आहे. माझी तक्रार तिच्या पिशवीबद्दल आहे. उघडते तर काय, नवं कोरं ताट, नवी वाटी, नवा पेला, चमचा, टॉवेल, अगदी साबणाची वडीसुद्धा. अरे, मी इस्त्रीचं दुकान चालवते, धर्मशाळा नाही. घरात ताटं आहेत आमच्या आणि ती आम्ही घासतोही. गोटी म्हणाली, "वन्सं, ह्यांनीच भरलंय. म्हणाले, घरातलं जुनं काही नेऊ नकोस." का म्हणून विचारलं तर ती टॉवेलची घडी पुन्हा घालत बसली.

शिवाय तू स्वतः सोडायला आला नाहीस, शेजारणीबरोबर पाठवलंस. आणि ती म्हणते, तू फुंकणी सोडलीस आणि आता खोक्यांत पेंढा भरायला बसतोस. लहानपणी रुसलास की गाल फुगवून बसायचास, म्हणून तुला फुग्या म्हणायला लागलो. पुढे त्याच गालांवर काच फुगवून पोट भरायला लागलास, तेव्हा आई सगळ्या आळीला सांगत सुटली होती. आणि आता पेंढा? कारखान्यात कोणाशी भांडलास की काय?

फोनवर विचारावं तर "बरंय, बरंय" म्हणून ठेवून देतोस, आणि दुकानात फोनवर बोलायचं म्हणजे गिऱ्हाइकांना फुकट तमाशा. म्हणून पत्र लिहिते आहे. याला "बरंय" एवढंच उत्तर आलं तर येऊन कान धरीन.

तुझी,
ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. कान सध्या जागेवर आहेत, तिथेच राहू देत.

भांडण वगैरे काही नाही. छातीत जरा कळ येत होती. डॉक्टर म्हणाले, काही दिवस फुंकू नका. भट्टीवरच्या आमच्या उस्तादांनीच मला माल बांधायच्या कामावर घेतलं. कामाला काही लाज नसते, हे तूच शिकवलंस ना? ताटवाटीचं मनावर घेऊ नकोस. बाळंतिणीचं सामान नवं असावं, एवढंच डोक्यात होतं. माझ्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की निघत नाही, हे तुला ठाऊक आहे.

गोटी कशी आहे ते नीट कळव. नुसतं "छान आहे" नको. तिला ताप येतो का? तोंडात फोड, अंगावर पुरळ, वजन कमी होणं, असलं काही? भूक लागते का? खोकते का? रोज बघत जा.

आणि एक. तिच्या सगळ्या तपासण्या तिसऱ्या महिन्यात इथे झाल्या आहेत आणि सगळं चांगलं आलंय. तिथले लोक परत रक्त काढायला आले तर नको म्हणून सांग. ती सुईला फार घाबरते. अशा अवस्थेत तिला उगाच त्रास कशाला.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
फुग्या


२० फेब्रुवारी

फुग्या,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचल्यावर जास्त चिडले. ताप, फोड, पुरळ, खोकला! नवरा आहेस की दवाखान्यातला कारकून? बायकोची एवढी काळजी, तर एक ओळ तिला लिहिली असतीस. ती पोस्टमन येण्याच्या वेळेला कपड्यांना पाणी मारायच्या निमित्ताने दारात उभी राहते. मी न पाहिल्यासारखं करते.

परवा तिला न्हाऊ घालताना ती रडली. कोपऱ्यात तोंड करून रडली, पण मला पाठीवरून कळतं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. इकडे यायच्या आधी दोन-तीन आठवडे तू अंथरूण वेगळं केलंस, तिने वाढून दिलेल्या ताटात जेवत नव्हतास, ती जवळ आली की उठून जायचास. तिला वाटतं, पोटामुळे ती तुला आवडेनाशी झाली. मला तसं वाटत नाही. मला वाटतं पाणी दुसरीकडेच मुरतंय. कोण आहे ती? असेल तर आत्ताच सांग, म्हणजे मला काय करायचं ते मी ठरवीन. मी मोठी बहीण आहे तुझी. पण या घरात सध्या मी तिची आई आहे, आणि तुझ्यावर दोन्ही नाती एकदम चालवावी लागली तर मला आईचंच नातं आधी चालवावं लागेल.

तू सांगितलंस तसं केलं. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई आल्या होत्या. म्हणाल्या, आठव्याच्या सुमाराला रक्त पुन्हा तपासायचं असतं. गोटी हात पुढे करतच होती, पण मी म्हटलं, तिच्या नवऱ्याने नको म्हटलंय, ती सुईला घाबरते, आणि सगळं झालेलं आहे. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि निघून गेल्या. तुझ्या शब्दाखातर एका भल्या बाईला दारातून परत पाठवलं. आता खरं काय ते लिही.

ताई


२ मार्च

ती. ताई,

हे पत्र दुकानात वाचू नकोस. वर जाऊन, दार लावून वाच.

बाई वगैरे कोणी नाही. मला एचआयव्ही आहे.

हा शब्द लिहायला मला इतके दिवस लागले. जानेवारीत भट्टीवर एकाला भाजलं, त्याच्यासाठी आम्ही सगळे रक्त द्यायला गेलो. आठवड्याने मला एकट्याला परत बोलावलं. पुन्हा तपासलं, तेच आलं. आता रोज एक गोळी सुरू आहे. डॉक्टर म्हणतात, गोळी न चुकवता घेतली तर माणूस म्हातारा होऊन मरतो, या रोगाने मरत नाही. रक्तातला विषाणू इतका दबतो की पुढे दुसऱ्यालाही लागत नाही. मी एकही चुकवलेली नाही, तुझी शपथ.

तू विचारशील, कसा आला. फुंकणीतून आला, ताई. आमची टोळी तिघांची असते, उस्ताद, लंबू आणि मी. एक जण भट्टीतून काचेचा गोळा उचलून पहिली फुंक मारतो आणि तीच फुंकणी दुसऱ्याच्या तोंडात जाते, तिथून तिसऱ्याच्या. मधे पुसायला वेळ नसतो, काच कोणासाठी थांबत नाही. आमचे ओठ भाजून फुटलेले असतात, रक्त येतं. गेल्या वर्षी लंबूच्या तोंडात महिनाभर फोड होते आणि तो तसाच फुंकत होता. दवाखान्यात समजावून सांगायला एक बाई असतात, त्या म्हणाल्या, असा लागत नाही. मी वाद घातला नाही. त्यांनी भट्टी कधी पाहिली आहे?

म्हणून मी फुंकणी सोडली. माझ्यामुळे उस्तादांना लागायला नको. कारखान्यात कोणालाही सांगितलेलं नाही. घरी माझं ताट, पेला, टॉवेल वेगळा केला, अंथरूण वेगळं केलं, आणि गोटीला तुझ्याकडे पाठवलं, सगळं नवं देऊन, म्हणजे माझं उष्टं-खरकटं तिच्यापर्यंत पोचायला नको. ती सुरक्षित आहे. तिची तपासणी चांगली आलेली आहे आणि फुंकणीशी तिचा संबंधच नाही. तिला काही सांगू नकोस. पोटात बाळ आहे, धसका घेईल. बाळ हातात आलं की मी स्वतः सांगेन.

तू माझ्या हातचं पत्र धरलं आहेस, त्यानेही काही होत नाही. तरी हात धुऊन घे, मला बरं वाटेल.

फुग्या


९ मार्च

फुग्या,

वर जाऊन, दार लावून वाचलं. नंतर खाली आले आणि एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर इस्त्री ठेवून तशीच उभी राहिले. शर्ट गेला.  भावोजींना मी काही सांगितलेलं नाही.

आधी रडून घेतलं, ते तुला कळायला हवं म्हणून लिहिते. तुझ्या लहानपणच्या सगळ्या तापांना मी उशाशी होते आणि या वेळेला तू एकटाच दवाखान्याच्या बाकावर बसलास, याचं मला फार वाईट वाटलं. आणि दुसरंही लिहिते, लाज वाटते तरी. त्या दिवशी गोटीने चहा पिऊन ठेवलेला पेला मी दोनदा घासला आणि वेगळा ठेवला. तिने पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ती आपला पेला आपणच उचलून ठेवायला लागली. म्हणजे तू तिकडे जे करत होतास तेच मी इकडे केलं.

मग माझीच मला चीड आली आणि मी आरोग्य केंद्रात गेले. त्याच नर्सबाई होत्या, ज्यांना मी दारातून परत पाठवलं होतं. "एका ओळखीच्या माणसाला एचआयव्ही झालाय" म्हणून विचारलं. त्यांना काय कळायचं ते कळलं असणार, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. सगळं नीट सांगितलं. थुंकीने, उष्ट्याने, एका ताटात जेवल्याने, टॉवेलने, मुका घेतल्याने हा लागत नाही. मी फुंकणीचंही विचारलं, रक्ताळलेल्या ओठांसकट. म्हणाल्या, विषाणू अंगाबाहेर तग धरत नाही, आणि तापलेल्या लोखंडावर तर नाहीच. तो लागतो तो शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून, सुईतून, आणि आईकडून बाळाला. म्हणजे ताट, पेला, साबणाची वडी, एवढं सगळं तू वेगळं केलंस, ते आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असं झालं. जे सांभाळायचं होतं ते तसंच राहिलं.

आता हे लक्ष देऊन वाच. मी त्यांना गोटीच्या तिसऱ्या महिन्यातल्या तपासणीचं सांगितलं. त्यांनी विचारलं, नवऱ्याला कधी लागला? मी म्हटलं, माहीत नाही. त्या म्हणाल्या, नवीन लागण असेल तर काही आठवडे तपासणीत दिसतच नाही. आणि तपासणीनंतर लागली असेल, तर तो जुना कागद काय सांगणार? गरोदरपणात नव्याने लागलेली सगळ्यात वाईट, म्हणाल्या, कारण तेव्हा आईच्या रक्तात विषाणू फार असतो आणि बाळाकडे जायला त्याला वाट मिळते. पण आत्ता कळलं तर आईला आज गोळ्या सुरू करता येतात, जन्मल्याबरोबर बाळाला औषध देता येतं, आणि बहुतेक बाळं वाचतात. नाही कळलं तर नाही. एवढंच आहे सगळं, फुग्या. तुझ्या बाळाचं नशीब तुझ्या "नको म्हणून सांग" या शब्दांवर अडकलंय, आणि तो निरोप दारात उभं राहून मी पोचवला.

मी म्हटलं, गुपचूप रक्त काढा, तिला काही सांगू नका. बाई म्हणाल्या, "तिचं रक्त आहे, तिला विचारल्याशिवाय आम्ही काढत नाही. आणि ती रोज गोळी घेणार, ती कशाची हे तिला कळायला नको?" 

मी तिला सांगणार नाही. भिऊन नाही. हे तुझ्या तोंडचं आहे. माझ्याकडून कळलं तर ती आयुष्यभर म्हणेल की नवऱ्याला सांगायचा धीर झाला नाही. पण थांबणारही नाही. आठवडाभरात तुझं पत्र आलं नाही तर तिला घेऊन केंद्रात जाईन आणि तिथे जे व्हायचं ते होईल.

फुंकणीतून आला म्हणतोस ना? मग लंबूला तपासायला लाव. वड्याचं तेल वांग्यावर काढायचं असेल तर निदान वांग्याला विचार तरी.

ताई


१६ मार्च

ती. ताई,

लंबूला विचारलं.

मला वाटलं होतं तो मारेल. जेवणाच्या सुट्टीत खोक्यांच्या मागे नेऊन सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हटलं की तुझ्या तोंडातल्या फोडांमुळे झालं.  तो उठला, उस्तादांकडे गेला आणि तिघांसाठी दुपारची सुट्टी मागितली. का ते उस्तादांना त्याने वाटेत सांगितलं. मी पाठीमागून चालत होतो, त्यांच्या दोन पावलं मागे. दवाखान्यात दोघांनी तपासायला रक्त दिलं. उस्तादांनी तर बाही वर करताना रक्त काढणाऱ्या मुलीला विचारलं, या वयात अजून काही उरलंय का हो आत? मला हसू आलं नाही.

दोघांचंही चांगलं आलं. इतकी वर्षं एका फुंकणीवर तोंड लावणारी आम्ही तीन माणसं, आणि एकट्या मला. आता मला पळायला जागा उरली नाही.

कारखान्यात परतल्यावर लंबू एवढंच म्हणाला, "तुला कोणावर तरी ठपका ठेवायचा होता. फुंकणी मुकी आहे, आणि मी आयता सापडलो." मी त्याचे पाय धरायला वाकलो, तर त्याने मला खांद्याला धरून भट्टीजवळ नेलं. फुंकणीवर काच घेतली आणि माझ्यापुढे धरली. म्हणाला, फुंक.  मी फुंकलं. वाकडातिकडा फुगा झाला. त्याने तीच फुंकणी माझ्या तोंडातून घेतली आणि सगळ्यांसमोर आपल्या तोंडाला लावली. दवाखान्यात त्या मुलीने आम्हा तिघांना बसवून सगळं समजावलं होतं, तेव्हा तो एक शब्द बोलला नव्हता. ऐकत होता म्हणायचा.

ताई, फुंकणीतून आला नाही हे मला लंबूचा कागद येण्याआधीच ठाऊक होतं. गेल्या सप्टेंबरात माल घेऊन प्रदर्शनाला गेलो होतो. पुढचं तू समजून घे. तू विचारलंस की बाई कोण आहे, मी लिहिलं कोणी नाही. ते खोटंही नव्हतं, मला तिचं नावसुद्धा माहीत नाही. पण फुंकणी धरून ठेवली की ती रात्र झालीच नाही असं व्हायचं. आणि ती रात्र झाली नाही, तर परत आल्यावर मी घरी काही आणलं नाही, गोटीला काही दिलं नाही, बाळ सुखरूप आहे. सगळं त्या एका लोखंडी नळीवर टांगलं होतं. गोटीला सुईची भीती वाटते हेही मीच रचलं. पुन्हा तपासलं तर काय निघेल, ते मला ऐकायचं नव्हतं.

नव्या माणसांना मी पहिली गोष्ट काय शिकवतो सांगू? भट्टीतून काढलेला पेला कितीही नितळ दिसला तरी पास करायचा नाही. निवू द्यायचा. तडा असला तर तो निवल्यावर दिसतो. आणि स्वतःच्या घरातला तापलेला पेला मी उजेडात धरून पास करून टाकला.

सोबत गोटीसाठी बंद पाकीट आहे. तू उघडू नकोस, वाचून दाखवू नकोस. तिचं तिला वाचू दे. फक्त जवळ बस.

फुग्या


१६ मार्च

गोटी,

आधी ज्याची घाई आहे ते लिहितो. नर्सबाईंकडे जा आणि रक्त तपासून घे. ताई बरोबर येईल. हे पत्र वाचून झालं की लगेच नीघ.

मला एचआयव्ही आहे. जानेवारीत कळलं. तो मला एका बाईकडून लागला, प्रदर्शनाला गेलो होतो तेव्हा. भट्टीवरून नाही, रक्त देताना नाही, दुसऱ्या कोणाकडून नाही. मी परत आलो तेव्हा तुला दिवस गेलेले होते आणि तू दार उघडताच हसलीस. मला तेव्हाच सांगता आलं असतं.

तुझी तिसऱ्या महिन्यातली तपासणी मी परतल्यावर इतकी लवकर झाली की तिच्यातून काही कळणार नव्हतं. तरी मी तिला धरून बसलो. तुझ्यापासून लांब राहिलो ते तू नकोशी झालीस म्हणून नाही. उलट. पण तेव्हा लांब राहून काही उपयोग नव्हता, आणि जवळ बसून सांगायचं होतं ते सांगितलं नाही.

चांगलं निघालं तर मला हव्या तेवढ्या शिव्या दे. वाईट निघालं तर आधी गोळी घे आणि मग शिव्या दे. त्या गोळ्या बाळाला वाचवतात. मी म्हणतो म्हणून विश्वास ठेवू नकोस, माझ्यावर ठेवायचं काही कारण नाही. नर्सबाईंना विचार.

मी कधीही निघायला तयार आहे. तू म्हणशील तेव्हा.

तुझा


२५ मार्च

फुग्या,

पाकीट दिलं आणि जवळ बसले. तिने वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं. मग मला म्हणाली, "वन्सं, म्हणून तुम्ही माझा पेला वेगळा ठेवलात?" मी हो म्हटलं, खोटं कशाला बोलू. मग दोघींसाठी चहा केला, एकाच पेल्यात ओतला, तिच्या आधी मी प्यायले. तिने उरलेला प्यायला, चप्पल घातली आणि म्हणाली, चला.

केंद्रात तिने हात पुढे केला आणि सुई आत जाताना बघत राहिली. मी तोंड फिरवलं.

आहे, फुग्या. तिलाही आहे.

तिथेच सगळं समजावलं आणि त्याच दिवशी गोळ्या सुरू केल्या. नर्सबाई म्हणाल्या, अजून वेळ हातात आहे, उशीर झालेला नाही, पण एकही गोळी चुकवायची नाही. भावोजींना तिनेच सांगितलं, माझ्याआधी. ते दुकान बंद करून आले आणि तिच्या खाटेशेजारी खुर्ची टाकून नुसते बसून राहिले. आम्हा सगळ्यांत त्यांनाच काय करायचं ते कळलं.

तुझ्याबद्दल ती एक अक्षर बोलत नाही. तुझं पत्र कुठे ठेवलंय मला माहीत नाही. येऊ का म्हणून विचारू नकोस. ती बोलावील तेव्हा ये, आणि नाही बोलावलं तर मी तुझ्या बाजूने एक शब्द टाकणार नाही. तू माझा लाडका आहेस म्हणूनच टाकणार नाही, कारण एकदा तुझा शब्द मी दारात पोचवला आहे.

गोळी घेत जा.

ताई


५ जून

अहो,

वन्सं म्हणाल्या, तूच लिही. म्हणून लिहिते.

मुलगी झाली हे त्यांनी तुम्हाला कळवलंच आहे. ती तुमच्यासारखी गाल फुगवून रडते. जन्मल्यापासून तिला औषधाचे थेंब देतो, मी किंवा भावोजी. त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. मी माझी गोळी रोज घेते. बाळंतपणाच्या आधी माझं रक्त तपासलं तेव्हा विषाणू बराच खाली आला होता, नर्सबाईंच्या तोंडावर मी पहिल्यांदा हसू पाहिलं. बाळाची पहिली तपासणी चांगली आली.

पण "चांगली आली" हे शब्द मी आता जपून वापरते. अजून काही वेळा तपासायचं आहे, आणि पक्कं कळायला ती दीड वर्षाची व्हावी लागेल. तोवर कोणी विचारलं तर मी म्हणते, अजून निवायची आहे. वन्संनी तुमचं ते पत्र मला वाचायला दिलं, मीच मागितलं. काचेचं तुम्ही बरोबर लिहिलंत. उशिरा लिहिलंत.

मला तुमचा राग आहे. तो किती दिवस राहील मला सांगता येत नाही. त्या बाईचा कमी आहे. तुम्ही माझ्याजवळ झोपत होतात, माझ्या पोटाला कान लावत होतात आणि काही सांगत नव्हतात, त्याचा जास्त आहे. कधी कधी दुपारी तिला पाजताना एकदम आठवतं आणि अंगाची लाही होते. मग ती माझ्याकडे बघते आणि मला रागावायला फुरसत मिळत नाही. ते नवं ताट परत पाठवत नाही. वन्सं त्यात इस्त्रीचे कोळसे काढतात.

आणि एक गोष्ट मला लिहायचीच आहे. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत की मी सुईला घाबरते. वन्संना सांगितलंत, त्यांनी नर्सबाईंना सांगितलं. मी लहानपणापासून कधीच सुईला घाबरले नाही. घाबरत होतात ते तुम्ही. तुमच्या भीतीला माझं नाव दिलंत.

बाळाची पुढची तपासणी एकवीस तारखेला आहे, सकाळी. एवढ्याशा टाचेतून रक्त काढतात आणि ती फार रडते. मागच्या वेळी मी धरलं होतं. या वेळी तुम्ही या. आदल्या दिवशी या, पण माझी समजूत घालायला बसू नका. तिला मांडीवर तुम्ही घ्यायचं, पाय तुम्ही धरायचा, आणि सुई टोचताना तोंड फिरवायचं नाही.

गोटी